विमानतळाचा दिवा आणि खाडीची वाट

पन्नासच्या दशकाच्या मध्यावर, गोकुळाष्टमीच्या आदल्या संध्याकाळी, अंधार पडता पडता, कोळीवाड्याची एक होडी खाडीच्या तोंडाशी उत्तरेकडच्या खडकांवर आपटली. होडीत तिघे होते: होडी चालवणारा तांडेल, त्याचा पुतण्या आणि एक खलाशी. डोलकाठी मोडून पुतण्याच्या अंगावर पडली आणि तो पाण्यात गेला. तांडेल आणि खलाशी खडकाला धरून राहिले. गावातून निघालेल्या दुसऱ्या होडीने त्यांना उतरवून घेतले आणि मोडलेली होडीही ओढून किनाऱ्याला आणली. पुतण्याचा मृतदेह दोन दिवसांनी मढच्या किनाऱ्याला लागला. त्याचे वय विशीच्या आसपास होते.

आमच्या दैनिकात ही बातमी चार ओळींत आली. कारण म्हणून 'अंधारामुळे' एवढाच शब्द होता. मी त्या दैनिकात उपसंपादक होतो आणि अंधेरीच्या पश्चिमेला, कोळीवाड्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, आई-वडिलांबरोबर राहत होतो. पोलिसांनी सांगितले ते छापले गेले. अंधार रोजच पडतो आणि होड्या रोज खडकावर जात नाहीत, मग ही का गेली, हा प्रश्न त्या दिवशी कचेरीत कोणी विचारला नाही.

बुडालेल्या मुलाची आई आमच्या घरी मासळी घेऊन येत असे. ती विधवा होती. होडी तिच्या नवऱ्याने आणि त्याच्या धाकट्या भावाने मिळून बांधून घेतली होती. नवरा गेल्यावर धाकटा भाऊ तांडेल झाला आणि होडीत तिचा अर्धा वाटा राहिला. म्हणजे सुकाणू ज्याच्या हातात होते तो तिचा दीर, आणि गेला तो तिचा एकुलता मुलगा. ती लग्न होऊन आली तेव्हा दीर नाक पुसायला शिकला नव्हता, असे ती माझ्या आईला सांगत असे. त्याला ती सगळ्यांसमोर अरे-तुरे करी आणि तो तिला कधी उलट बोलत नसे.

कोळीवाड्याच्या पाठीमागे लहान विमानतळ होते. त्याची माहिती दिल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

मुळात ती खाजणाची जमीन होती. भरतीचे पाणी आत येई, उन्हाळ्यात तिच्यावर मिठाचा पांढरा थर धरे. माझ्या वडिलांच्या तरुणपणी तिथे भराव टाकून मैदान केले गेले आणि टपाल घेऊन येणारी विमाने उतरू लागली. सुरुवातीला धावपट्टी अशी नव्हतीच. गवत होते, चुन्याने आखलेल्या खुणा होत्या आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी एका खांबावर फडफडत असे. पावसाळ्यात मैदान पाण्याखाली जाई. पाणी ओसरले की खळग्यांत बोय आणि कोळंबी अडकून राहत, आणि गावातल्या बाया टोपल्या घेऊन विमानतळावर मासे धरायला जात. चौकीदार त्यांना हाकलत असे. त्याच्या घरी कालवणाची सोय झाली की हाकलणे थांबे.

लढाईच्या वर्षांत लष्कराने धावपट्टी पक्की केली, लांबवली आणि कडेला पत्र्याचे एक मोठे हँगर उभे केले. विमाने आत उभी करायची ती शेड. गावात त्याला 'पत्र्याचा डोंगर' म्हणत. धावपट्टीच्या वाटेत येणारी ताडाची झाडे तेव्हाच तोडली गेली. लढाई संपली, लष्कर गेले. प्रवासी विमाने मोठी होत गेली आणि ती सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळावर उतरू लागली. आमच्याकडे उरली ती शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने, अधूनमधून टपालाचे एखादे, आणि कधी एखाद्या संस्थानिकाचे खासगी विमान.

सोयी थोड्या होत्या. कौलारू छपराची एक बैठी इमारत होती. तिच्या एका खोलीत अधिकारी बसत आणि दुसरीत वेताच्या खुर्च्या मांडलेल्या असत. ते प्रवाशांचे प्रतीक्षालय. तिथे माणसे तोलायचा एक मोठा काटा होता, कारण लहान विमानात चढणाऱ्याचे वजन आधी बघावे लागे. विमाने कमी झाल्यावर काटा रिकामाच पडून असे. गावातली माणसे गंमत म्हणून त्यावर उभी राहून जात. मृताची आई एकदा मासळीची पाटी डोक्यावर घेऊनच काट्यावर चढली होती. कारकून म्हणाला, पाटी खाली ठेवा. ती म्हणाली, "पाटी काढली तर मी अशीच उडून जाईन. मंग तुमच्या इमानाचं काय काम?" हे ती आमच्या ओट्यावर बसून स्वतःच सांगत असे आणि स्वतःच हसत असे.

आग विझवायची एक हातगाडी होती, पेट्रोलचे कोठार होते, एक भोंगा होता. विमान उतरायच्या आधी भोंगा वाजे आणि धावपट्टीवरच्या शेळ्या हाकलायला चौकीदार काठी घेऊन पळे. एकदा एक शिकाऊ वैमानिक धावपट्टी ओलांडून थेट खाजणाच्या चिखलात गेला. त्याला बाहेर ओढायला बायाच गेल्या. कमरेपर्यंत चिखलात उभ्या असलेल्या त्या तरुणाला एक म्हातारी म्हणाली, "साहेब, रस्ता चुकलात. बाजार तिकडं हाय." गोरेगावच्या स्टुडिओतली मंडळीही कधी कधी येत. नायिका विमानाच्या शिडीवरून खाली उतरे, पुन्हा वर चढे, पुन्हा उतरे, आणि कुंपणाला गाव लोटे. विमान दिवसभर जागचे हलत नसे.

आणि हँगरच्या छपरावर, सगळ्यांत उंच जागी, दिवा होता. मोठा, पांढरा, उघडझाप करणारा दिवा. सूर्य मावळला की लावत आणि शेवटचे विमान परत आले की बंद करत. शिकाऊ विमानांचे रात्रीचे उड्डाण असेल तर उशिरापर्यंत चाले, नसेल तर दिवेलागणीनंतर थोडा वेळच. आकाशातल्या माणसाला जमिनीवरची जागा कळावी, एवढाच त्याचा उपयोग होता. निदान विमानतळाच्या माणसांना एवढाच माहीत होता.

खाडीचे तोंड वाईट आहे. दोन्ही अंगांना खडक आहेत आणि मधून होडी जाईल एवढीच खोल वाट. भरतीत खडक पाण्याखाली जातात आणि वर फक्त फेस दिसतो. अंधारात फेसही दिसत नाही. पूर्वी बंदराजवळचा एक ताड आणि त्याच्या पाठीमागे दूरवरचा दुसरा ताड एका रेषेत आले की होडी वाटेच्या मधोमध आहे असे समजत. अंधारात पुढच्या ताडाला कंदील बांधत आणि मागच्या ताडाजवळ जाळ करत. लढाईच्या वेळी मागचा ताड धावपट्टीपायी तोडला गेला. गावाने तक्रार केली नाही, कारण तक्रारीची गरजच पडली नाही. ताड होता त्याच्या थोडे मागे, त्याच रेषेत, हँगर उभे राहिले आणि त्यावर दिवा लागला. जाळापेक्षा तो कितीतरी चांगला होता. बंदरावरचा कंदील आणि विमानतळाचा दिवा एकावर एक आले की सुकाणू सरळ धरायचे, एवढे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. नवीन खलाशाला पहिल्यांदा हेच शिकवत. हे विमानतळावर कोणी सांगायला गेले नव्हते. दिवा सरकारचा होता आणि तो रोज लागत होता.

अपघातानंतर गावात दोन गोष्टी बोलल्या जाऊ लागल्या. पहिली, तांडेल प्यालेला होता. दारूबंदीचे दिवस होते. पोलिसांनीही त्याला हे विचारले आणि त्याचे तोंड हुंगले. तेव्हा तो खडकावरून नुकताच उतरवलेला होता आणि त्याच्या तोंडाला समुद्राच्या पाण्याशिवाय कसला वास नव्हता, असे हवालदाराने मला सांगितले. तरी बोलणे थांबले नाही. दुसरी गोष्ट तांडेल स्वतः सांगत होता: दिवा आणि कंदील एका रेषेत होते, होडी वाटेच्या मधोमध होती, आणि जिथे खडक नाही तिथे खडक आला. हे ऐकून माणसे मान वळवत. खडक जागा बदलत नाहीत.

वाचलेला खलाशी तांडेलाच्या बाजूने बोलला. पण तो त्याच्याच होडीवर होता, त्यामुळे त्याचे कोणी धरले नाही.

बारावे झाल्यावर मृताची आई आमच्या घरी आली. पाटी नव्हती. आई पुढे झाली, तिला बसायला पाट दिला. ती बसली नाही. तिने मला बाहेर बोलावून घेतले आणि ती उभ्यानेच बोलली. कोळीवाड्यात अशी रीत होती की समुद्रावर माणूस गेला तर तेराव्यानंतर जमात बसते, म्हणजे गावातली सगळी घरे देवळासमोर जमतात, आणि सुकाणू ज्याच्या हातात होते त्याने काय झाले ते सांगायचे. मग पाटील शेवटचा शब्द मेलेल्याच्या घराला विचारतो. घर म्हणाले, दोष नाही, तर तांडेल उद्या परत समुद्रावर. घर म्हणाले, दोष आहे, तर सुकाणू त्याच्या घरातून काढून घ्यायचे आणि मग कोणत्याही होडीवर त्याच्या हातात ते पडत नाही. होड्या किनाऱ्यावर ओढल्या की सुकाणू काढून तांडेलाच्या घरी ठेवायची पद्धत होती. घरात सुकाणू असणे म्हणजे तांडेल असणे.

तिचे घर म्हणजे आता ती एकटीच होती. शब्द तिला द्यायचा होता.

"तू पेपरात हायस," ती म्हणाली. "तुला साहेब लोक आत सोडतात. तो दिवा जागेवर हाय का नाय, तेवढंच बघून ये. तो प्यालेला नव्हता ते मला ठावं हाय. मला दिव्याचं सांग."

मी विचारले, मावशी, तुम्हाला दिव्याचा संशय का आला?

"मला संशय नाय आला. तो खोटं बोलत नाय, म्हनून विचारते."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी विमानतळावर गेलो. अधिकारी मध्यमवयीन, पुण्याकडचे, बोलायला नेमके होते. प्रतीक्षालयातल्या वेताच्या खुर्चीवर मला बसवून त्यांनी चहा मागवला. दिव्याबद्दल विचारल्यावर त्यांनी काहीही लपवले नाही. हँगर गंजले होते. पावसाळ्याआधी ते उतरवायचा हुकूम आला होता आणि ऐन पावसात ते उतरवले गेले. दिवा हँगरवर होता, तो काढावा लागला. तो आता धावपट्टीच्या दक्षिण टोकाला, पेट्रोलच्या कोठाराजवळ, नव्या लोखंडी मनोऱ्यावर बसवला आहे. एक संध्याकाळही दिवा बंद राहिला नाही, हे त्यांनी थोड्या अभिमानाने सांगितले. सकाळी वायरमनने काढला आणि संध्याकाळपर्यंत नव्या जागी चढवला. शिकाऊ वैमानिकांच्या क्लबाला, सांताक्रूझला, टपालाच्या विमानांना, सगळ्यांना आधी कळवले होते.

त्यांनी खिडकीतून मनोरा दाखवला. हँगरची जागा मोकळी दिसत होती. नुसती फरशी आणि फरशीच्या भेगांतून उगवलेले गवत.

मी कोळीवाड्याची रेष त्यांना समजावून सांगितली. कागदावर खाडीचे तोंड, कंदील आणि हँगर काढून दाखवले. त्यांना पटकन समजले. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेऊन मनोरा काढला आणि मनोऱ्यापासून कंदिलावरून रेष समुद्राकडे नेली. रेष उत्तरेकडच्या खडकांवर गेली. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"वरून बघणाऱ्यांना कळवायचं होतं, ते कळवलं," ते म्हणाले. "खालून कोणी बघतंय, हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही हो."

चहा गार झाला होता. त्यांनी दुसरा मागवला. तोही कोणी घेतला नाही.

त्या संध्याकाळी मी बंदरावर गेलो. कंदील खांबावर टांगला होता. त्याच्या मागे विमानतळाचा दिवा उघडझाप करत होता. किनाऱ्यावर कंदिलाच्या पायाशी उभे राहून दिव्याची जागा बदलली आहे हे कळत नव्हते. काळोखात एक पांढरा ठिपका होता, नेहमीसारखा. तो पूर्वी कुठे होता याची दुसरी काही खूण डोळ्यांपुढे नव्हती. वाचलेल्या खलाशाला मी शेजारी उभे केले आणि विचारले. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, आता तुम्ही सांगितलंत म्हणून उजवीकडे वाटतो.

एक प्रश्न राहिला होता. होड्या नारळी पौर्णिमेला पाण्यात गेल्या होत्या आणि अपघात त्यानंतर थोड्या दिवसांनी झाला. मधल्या दिवसांत बाकीच्या होड्या कशा आल्या? खलाशाने ते सांगितले. पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी असते आणि पुढे रोज थोडी थोडी उशिरा होत जाते. होड्या भरतीबरोबर खाडीत शिरतात. म्हणजे पौर्णिमेनंतरचे सगळे दिवस होड्या उजेडात आल्या होत्या आणि उजेडात खडकांवरचा फेस दिसतो. अष्टमीच्या सुमारास भरती दिवेलागणीला गेली. ऐन वेळी वारा पडल्याने ही होडी बाकीच्यांच्या मागे राहिली. दिवा हलवल्यानंतर अंधारात आत शिरणारी ती पहिलीच होडी होती.

मी हे सगळे मृताच्या आईला सांगितले. ती दारात सुके बोंबील निवडत बसली होती. हात थांबवले नाहीत. सांगून झाल्यावर तिने विचारले, दिवा कधी हलवला? मी म्हटले, पावसात, हँगर उतरवले त्याच दिवशी.

"पत्रं उतरवली त्या दिवशी?"

मी हो म्हटले. तिने मान हलवली आणि मला जमातीला यायला सांगितले. मला वाटले, तांडेल सुटला. गावातही दुसऱ्या दिवशीपर्यंत ही गोष्ट पसरली आणि जे दारूचे बोलत होते ते आता विमानतळाचे बोलू लागले.

जमात देवळासमोर दुपारी बसली. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला. तांडेल मधे उभा होता. पायाला खडकाची जखम होती, ती बांधलेली होती. पाटलाने आधी त्याला विचारले. त्याने काय झाले ते सांगितले, पूर्वी सांगत होता तेवढेच. मग पाटलाने मला उभे केले आणि मी दिव्याचे सांगितले. ऐकून माणसे सैल झाली. मागून कोणीतरी म्हणाले, "अरे, सरकारनं तुला गंडवला रे." थोडे हसणेही झाले. बरेच दिवस गावात कोणी हसले नव्हते. पाटील म्हणाला, खडकही जागेवर होते आणि तांडेलही खोटे बोलत नव्हता. आता घराने बोलावे.

मृताची आई उठली. तिने तांडेलाला काही विचारले नाही. आधी पुरुषांकडे वळून विचारले, पत्र्याचा डोंगर उतरवला तेव्हा पत्रे उचलायला कोण कोण गेले होते?

उत्तर सगळ्यांना माहीत होते. हँगरचे जुने पत्रे विमानतळाने गावाला नेऊ दिले होते. पावसाळा होता, होड्या किनाऱ्यावर होत्या, माणसांना काम नव्हते. जवळजवळ प्रत्येक घरातला पुरुष गेला होता. ज्या देवळासमोर जमात बसली होती त्याच्या बाजूच्या जाळ्यांच्या शेडवर तेच पत्रे होते. जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले.

मग ती दिराकडे वळली.

"तू गेलतास?"

"गेलतो, वयनी."

"दिवा खाली काढला तेव्हा तिथं व्हतास?"

"व्हतो. वायरमननं दोरानं खाली सोडला. मीच खालून धरला."

"मंग तो वर कुठं चढवला?"



"ते नाय बघितलं."

"का रं?"

"पत्रं डोक्यावर व्हतं."

"संध्याकाळी?"

"संध्याकाळी पेटलेला दिसला. मला वाटलं, हाय."

पाटील म्हणाला, वहिनी, ते सगळ्यांनीच बघितले आणि कोणाच्याच ध्यानात आले नाही. मी पाटील असून स्वतः चार पत्रे नेले. ज्याच्यावर दिवा होता तो डोंगर आम्ही आमच्या हातांनी आणला, आमच्या शेडवर घातला, आणि रात्री दिवा दिसला म्हणून गप्प बसलो. ह्यात ह्याचा एकट्याचा दोष कसा?

"तुमच्या हातात सुकान नव्हतं," ती म्हणाली. "सुकान घरातनं काढा."

ती खाली बसली. पाटलाने रीतीप्रमाणे पुन्हा एकदा विचारले, शब्द बदलायचा आहे का? तिने मान हलवून नाही म्हटले. तांडेलाने तिच्याकडे पाहिले आणि मग पाटलाकडे. म्हणाला, "ती बरोबर बोलली."

दुसऱ्या दिवशी पाटील आणि गावातले दोघे विमानतळावर गेले. मी बरोबर होतो. दिवा परत जुन्या जागी बसवावा, अशी त्यांची मागणी होती. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. जुन्या जागी आता काही उभे नव्हते, आणि विमानांच्या दृष्टीने दिवा आता होता तिथेच योग्य होता, असे ते म्हणाले. वर लिहून बघतो म्हणाले. आणखी एक सांगितले: शिकाऊ विमानांची रात्रीची उड्डाणे हिवाळ्यात थांबणार आहेत, मग दिवाच लागणार नाही. पाटलाने विचारले, म्हणजे कायमचा? अधिकारी म्हणाले, हो, असे दिसते. परतताना पाटील प्रतीक्षालयातल्या काट्याजवळ थांबला, त्याच्याकडे बघत राहिला आणि बाहेर पडला.

गावाने स्वतःचे दोन खांब घालायचे ठरवले. एक बंदरावर, एक पाठीमागे उंचवट्यावर. दोन्हींवर कंदील टांगायची पाळी घराघरांनी वाटून घेतली. मागच्या खांबाची जागा ठरवायला म्हातारे लोक ओहोटीत होडीतून खाडीच्या तोंडाशी गेले आणि तिथून हात दाखवत राहिले. किनाऱ्यावरची माणसे त्याप्रमाणे बांबू इकडे तिकडे सरकवत होती. तांडेल त्या दिवशी किनाऱ्यावर नव्हता.

विमानतळाचा दिवा त्या हिवाळ्यात बंद झाला. लोखंडी मनोरा राहिला.

मृताची आई थंडीत पुन्हा आमच्याकडे मासळी घेऊन येऊ लागली. मासळी दुसऱ्यांच्या होड्यांची असे. आईने एकदा तिला दिराबद्दल विचारले. ती म्हणाली, तो जाळी विणतो, आमच्या होडीची नाय, दुसऱ्यांची. त्याच्या बायकोशी ती बोलत होती, त्याच्याशीही बोलत होती. जेवणाचे ताट दोन्ही घरांत जात-येत होते.

सुकाणू काढायचे काम जमातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच झाले होते. पाटलाने पाठवलेली दोन माणसे तांडेलाच्या घरी गेली. त्याच्या बायकोने ते आतून आणून दिले. तो मागच्या अंगणात जाळे दुरुस्त करत होता आणि पुढे आला नाही. होडीत निम्मा वाटा वहिनीचा असल्यामुळे माणसांनी सुकाणू तिच्या ओटीवर नेऊन ठेवले. ते कोणाला द्यायचे हे आता तिने ठरवायचे होते. तिने ते कोणाला दिले नाही. त्या हंगामात होडी पाण्यात गेली नाही.